आरजी गुलाब

सुग्राआपांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मला बसायला दिलेल्या खुर्चीचा एक पाय सुतळीनं बांधलेला होता. मी जपून टेकले. ते पाहून त्या म्हणाल्या, "बैठो बाई, आरामसे बैठो. आरजी है, पर गिराती नहीं."

आरजी म्हणजे तात्पुरतं. निजामाच्या राज्यात आम्हा मराठी मुलींनाही वरच्या वर्गांत उर्दूतूनच शिकावं लागे, त्यामुळं शब्द मला नवा नव्हता. नवं होतं ते आपांचं त्या शब्दावरचं प्रेम. चहा आला तो कान तुटलेल्या कपातून, तर कप आरजी. खाट आरजी, स्टोव्ह आरजी, छताच्या भोकावर टाकलेला पत्रा आरजी. शाळेतली त्यांची नोकरीही आरजीच होती, आणि तिला तेव्हा बारा वर्षं झाली होती. मी नुकतीच त्याच शाळेत मराठी शिकवायला लागले होते. आपा उर्दू शिकवायच्या. अर्ध्या मुली त्यांच्याकडं, अर्ध्या माझ्याकडं, आणि आम्हा दोघींत मिळून कपाट एकच. त्या कपाटात कुणाच्या वह्या वर ठेवायच्या यावरून आधी भांडण झालं आणि मग मैत्री.

बेगमपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत भिंतीला एकही खिळा नव्हता. कॅलेंडर फळीवर उभं करून ठेवलेलं असे. वारा आला की ते पालथं पडायचं आणि आपा ते उचलून पुन्हा उभं करायच्या. कोपऱ्यात गोणपाटात शिवलेले पाच मोठे गठ्ठे होते. प्रत्येकावर काळ्या रंगानं उर्दूत त्यांच्या वडिलांचं नाव, आणि खाली 'कराची'.

पोलीस ॲक्शननंतर बेगमपुऱ्यातून जी घरं उठली त्यांत आपांचं एक. वडील आणि दोन भाऊ सामान बांधून तयार होते. निघायच्या आठ दिवस आधी आई गेली. चाळिसाव्याचा फातेहा होईपर्यंत कुणीतरी मागं थांबायला हवं, म्हणून थोरली लेक थांबली. मग तिनं काकांबरोबर जड सामान घेऊन यायचं असं ठरलं. चाळीस दिवस झाले. मग काकांना ताप आला, मग परवान्याचे नियम बदलले, मग काकाच वारले. कराचीची पत्रं येत राहिली आणि हळूहळू विरळ झाली. चाळीस दिवसांसाठी थांबलेली बाई तिथंच राहिली. गठ्ठे मात्र शिवलेलेच, कारण उद्या निरोप आला तर ते पुन्हा कोण शिवत बसणार? हे कारण त्या इतक्या गंभीरपणे सांगायच्या, की हसावं की रडावं ते मला कळत नसे.

घरात सगळं असं एका पायावर. पण मागचं दार उघडलं की अंगणात कुंपणाच्या भिंतीला लागून अकरा गुलाब उभे होते. देशी गुलाब, फिका रंग, बारीक काटे, आणि वास असा की गल्लीच्या तोंडाशीच कळावं आपांचं घर आलं. ते आईनं लावलेले. बुंधे मनगटाएवढे झाले होते. मी थट्टेनं म्हटलं, "आणि हे? हे पण आरजी का?"

आपा हसल्या नाहीत. "नक्को बाई," त्या म्हणाल्या, "इनकू वो लफ्ज नहीं लगता."

हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. पुढं जे झालं त्यात मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच उरली नाही.

त्या गुलाबांना काम होतं. दर गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या जुमेरातला, आपा फुलं तोडून ओल्या रुमालात घेत आणि आईच्या कबरीवर ठेवून येत. कबर घरापासून दहा मिनिटांवर होती. ताप असो, शाळेची तपासणी असो, हा नेम चुकला नाही. एकदा शाळेत कुणी बडे पाहुणे यायचे होते. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी आपांना हाराला गुलाब आणायला सांगितलं, ते नेमकं बुधवारी. आपांनी नाही म्हटलं. बाई म्हणाल्या, झाडं भरून आहेत, मी डोळ्यांनी पाहिलीत. आपा शांतपणे म्हणाल्या, "भरी हैं, पर खाली नहीं हैं." पाहुण्यांच्या गळ्यात झेंडू पडला आणि आपांची पगारवाढ त्या वर्षी अडली, असं शाळेत बोललं जाई. आपांना त्याचं काही नव्हतं. नोकरी आरजीच होती.

दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय आपा पुऱ्या होत नाहीत, आणि नेमकी तीच सांगायला मला जड जातं. त्यांची लाल पेन्सिल. रोज सकाळी पात्यानं तिला टोक काढायच्या आणि शुद्धलेखन तपासायला बसायच्या. उर्दूत अलिफ म्हणजे नुसती एक उभी रेघ. मुली घाईत ती गाळतात, नाहीतर नको तिथं घालतात. अलिफ कमी पडला की आपा अर्धा गुण कापत, जास्त झाला तरी अर्धाच. मी म्हणायचे, एवढ्याशा रेघेसाठी कशाला? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "पूरा काटूँ तो बच्ची का दिल टूटता, नहीं काटूँ तो अलिफ का. इसलिए आधा." वरून आलेलं एक उर्दू परिपत्रक त्यांनी तपासून, दहापैकी साडेनऊ गुण देऊन, तसंच परत पाठवलं होतं. मुख्याध्यापिकाबाई आठ दिवस देवाचा धावा करत होत्या.

मीही त्यांची विद्यार्थिनी होते म्हणा ना. माझं उर्दू गंजलं होतं, ते त्या घासून देत. बदल्यात मी त्यांना मराठी वाचायला शिकवत होते. महाराष्ट्र झाला होता आणि कचेऱ्यांचा कारभार मराठीत आला होता. पाटीवर अक्षरं गिरवणारी ती चाळिशीची बाई एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची, आणि जोडाक्षर आलं की माझ्याकडं असं बघायची जणू ते मीच तयार केलंय.

त्या वर्षी मार्चच्या शेवटी आपांच्या घरी नोटीस आली. गल्लीतून पाण्याचा मोठा नळ जाणार होता आणि त्याचा चर आपांच्या अंगणातून, भिंतीच्या आतल्या बाजूनं, गुलाबांच्या बरोबर मुळातून खणायचा होता. आपांनी मला ती तीनदा वाचायला लावली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चर भिंतीबाहेर दोन हात सरकवा, आणि तेही जमत नसेल तर थंडीपर्यंत थांबा. थंडीत छाटणी झाली की गुलाब झोपतो. झोपलेलं झाड उचलून दुसरीकडं ठेवलं, पुन्हा आणून लावलं, तर त्याला कळतही नाही. जागं झाड उचललं तर ते मरतं. तेव्हा झाडं पुरती जागी होती, लालसर कोवळी पालवी आणि फांदीफांदीला कळ्या.

त्यांनी बसून उर्दूत अर्ज लिहिला. अक्षर म्हणजे मोत्यांची माळ. वर ठळक लिहिलं, 'अर्जी, बाबत गुलाब.' कचेरीत मराठीच लागणार, म्हणून तो कागद त्यांनी माझ्याकडं दिला आणि म्हणाल्या, मागच्या बाजूला तर्जुमा करून दे, सही मी केलीय.

माझ्याकडं त्या दिवशी वार्षिक परीक्षेचे ऐंशी पेपर होते. मी जेवता जेवता तर्जुमा केला. उर्दूत अर्जी आणि आरजी यांत एका अलिफाचा फरक. सुरुवातीच्या ऐन या अक्षरापुढं अलिफ असला की आरजी, नसला की अर्जी. कागदावर अलिफ नव्हता. पण आपांच्या तोंडून आरजी ऐकून ऐकून माझ्या डोळ्यांना तो दिसला. मी मराठीत लिहिलं, 'विषय : तात्पुरत्या गुलाबांबाबत.' आणि विषयाशी मजकूर जुळावा म्हणून शहाणपणानं पहिल्या ओळीत भर घातली, 'माझ्या अंगणातील गुलाब तात्पुरते असून...' पुढं चर सरकवण्याची, थंडीपर्यंत काम तहकूब ठेवण्याची विनंती सगळी नीट लिहिली. अक्षर सुवाच्य काढलं. दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिलं.

तीन आठवड्यांनी मूळ अर्ज जोडून उत्तर आलं. सदर झाडे तात्पुरती असल्याचे अर्जदारानेच नमूद केले आहे, सबब काम तहकूब ठेवण्याचे कारण दिसत नाही, झाडे पंधरा दिवसांत हलवावीत.

आपा तो कागद घेऊन पायरीवर बसल्या. बोट ठेवून वाचत गेल्या आणि एका शब्दावर थांबल्या. "तात्पुरती याने?"

"आरजी," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला मी लिहिलेली पहिली ओळ आठवली.

"ये किसने लिखा?"

मी म्हटलं, कचेरीत कुणाची तरी चूक झाली असेल. कारकून लोक वाचतात कुठं नीट. हे मी म्हटलं. तोंडावर म्हटलं. आपांनी माझ्याकडं पाहिलं, कागदाची घडी घातली आणि ओढणीत बांधली. अजून मला त्या घडीची आठवण झाली की तोंड लपवावंसं वाटतं.

त्याच दुपारी त्यांना न सांगता मी कचेरीत गेले. चूक माझी आहे, शब्द बदलून घ्या, म्हणून विनवलं. तिथल्या वयस्कर कारकुनानं आवाज न चढवता सांगितलं, की सही अर्जदाराची, अक्षर तुमचं, वर साहेबांची सही झालेली. आता नवा अर्ज करा, तो पुढच्या महिन्यात वर जाईल. आणि चर? चर ठरल्या दिवशी. मी दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. शेवटी तो मला पाहिलं की उठून आत जायला लागला.

पडेगावला माझे आबामामा राहायचे. दौलताबादच्या रस्त्याला लागून त्यांचं शेत, शेतात विहीर आणि दोन आंबे. तिथं आंब्याच्या सावलीत तीन महिने झाडं ठेवायची, नळाचं काम झालं की परत आणायची, असं ठरलं. मामा पहाटे बैलगाडी जुंपून कुदळ-पहार घेऊन आले. अंगणात येऊन त्यांनी अकराही झाडांवरून नजर फिरवली आणि डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"आपा," ते म्हणाले, "खोटं कशाला बोलू? वैशाखात उपटलेलं झाड जगत नाय. तुम्ही म्हणता म्हणून हात लावतो."

आपा म्हणाल्या, "लगाव मामा."

दोन दिवस आधी त्यांनी बुंध्यांना पोटभर पाणी दिलं होतं. उमललेली फुलं आणि सगळ्या कळ्या तोडून टाकल्या होत्या, कारण मुळाला मार बसला की झाडाला फुलं पोसवत नाहीत. त्या गुरुवारी कबरीवर दगड दिसेना इतकी फुलं पडली. आता त्यांनी स्वतः कात्रीनं फांद्या गुडघ्याएवढ्या छाटल्या आणि प्रत्येक कापावर शेणमातीचा लेप दिला. मग मामांनी दीड हातावरून गोल खणायला सुरुवात केली. आईच्या हातची झाडं ती, मुळं थेट खाली गेलेली. मधलं मूळ पहारीनं हलेना, तेव्हा करवत लावावी लागली. करवतीचा आवाज सुरू झाला तशा आपा घरात गेल्या, आणि थांबला तशा बाहेर आल्या. असं अकरा वेळा झालं. चार झाडांच्या मुळांवरची माती उचलतानाच सुटली आणि नागडी मुळं हातात आली. ऊन वर चढत होतं. मामांनी चारच गोण्या आणल्या होत्या आणि ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळली नाहीत तर वाटेतच खेळ खलास.

आपा आत गेल्या. टाके उसवल्याचा आवाज आला, पहिल्यांदा हळू आणि मग भराभर. पंधरा वर्षांचे टाके. पाचही गठ्ठ्यांचं गोणपाट घेऊन त्या बाहेर आल्या, ते हौदात बुडवलं आणि स्वतःच्या हातानं झाडं गुंडाळायला लागल्या. मामांनी एका बोचक्याला सुतळी बांधताना त्यावरची काळी अक्षरं पाहिली. त्यांना उर्दू येत नसे.

"काय लिवलंय हे?"

"गाँव का नाम है," आपा म्हणाल्या.

"कंच्या गावाचं?"

"पडेगाव," त्या म्हणाल्या. "पडेगाव लिखा है मामा, चलो."

मी तोंड फिरवून गाडीत पाणी मारायला लागले.

सुट्टी लागलेली होती. आपा रोज सकाळच्या मोटारीनं पडेगावला जात आणि संध्याकाळी परतत. मी एक दिवसाआड जायचे. आंब्याखाली मामांनी लांब खड्डा काढून झाडं ओळीनं त्यात उभी केली होती आणि वरून ओलं गोणपाट पांघरलं होतं. आंब्याची सावली दुपारी सरकायची. सरकली की आपा छत्री घेऊन उठायच्या आणि ज्या झाडावर ऊन आलं त्याच्यावर धरून उभ्या राहायच्या, स्वतः मात्र उन्हात. शेतावरच्या बायका पदराआड हसायच्या. "बया, ही झाडाला छत्री धरती." आपांना मराठी आता कळत होतं. त्या म्हणायच्या, "हौ, धरती."

पहिल्या आठवड्यात पानं काळी पडून गळाली. दुसऱ्यात पाच झाडं गेली, माती सुटलेली ती चार आणि आणखी एक. विहिरीचं पाणी खाली खाली चाललं होतं. मामींनी सांगितलं, आधी माणसं, मग जनावरं, मग आपांची झाडं. आपा म्हणाल्या, बरोबर आहे. त्या घरून येताना किटलीत पाणी आणायला लागल्या. बेगमपुऱ्यातून पडेगावला, एका किटलीत, मोटारीच्या धक्क्यांत अर्धं सांडत. मी असा आटापिटा पुढं कधी पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

झाड जितं आहे का ते बघायला साल नखानं किंचित खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. आपा रोज खरवडायच्या. सकाळी एकदा, निघताना एकदा. शेवटी मामांनी त्यांचा हात धरल्यासारखं केलं आणि सोडला. "आपा, रोज नख लावलं तर जितं झाड बी मरंल." त्यानंतर त्या हात पाठीमागं बांधून झाडासमोर बसायच्या, शिक्षा झालेल्या मुलीसारख्या.

गुरुवारी फूल नव्हतं. पहिल्या गुरुवारी त्यांनी एक पान नेलं. पुढं पानही राहिलं नाही. तेव्हा त्या रिकाम्या हातानं कबरीवर गेल्या. मी बरोबर होते. त्यांनी फातेहा म्हटला आणि मग आईशी बोलल्यासारखं हळू म्हणाल्या, "छुट्टी पे हैं अम्मी, आते."

तिसऱ्या आठवड्यात आणखी चार गेली. नऊ झाली. त्या दिवशी आपांनी छत्री उघडलीच नाही. वाळलेल्या खोडाशी बसून होत्या, हाताला शेण लागलेलं, ओढणी खांद्यावरून खाली आलेली. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "शांताबाई, मैं चली जाती तो ये अपनी जगह मरते. मैं रह गई, तो मैंने मारे."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, आपा, तुम्ही नाही, मी. ओठापर्यंत आलं होतं. पण मला भीती वाटली, की हे ऐकून त्या माझ्याशी बोलणं टाकतील, आणि त्यांना दुसरं कुणी नव्हतं. खरं तर मलाही दुसरं कुणी नव्हतं. मी मुकाट्यानं किटली घेऊन विहिरीकडं गेले.

पावसाळ्यात उरलेल्या दोन झाडांना कोंब आले. एकाला बुंध्याजवळ, एकाला वर टोकाशी. आपांनी पेढे वाटले नाहीत की हसल्या नाहीत. दोन्ही कोंबांसमोर आळीपाळीनं बसून राहिल्या.

तीन महिन्यांचे आठ झाले. चर केव्हाच बुजवला होता, पण मुरूम आणि दगडगोट्यांनी. थंडीत, झाडं झोपल्यावर, ती परत न्यायला आम्ही गाडी घेऊन गेलो. पहिलं झाड सहज निघालं. दुसऱ्याभोवती मामांनी कुदळ मारली आणि थांबले. मुळं आंब्याच्या मुळांत शिरली होती. मामा म्हणाले, तोडून काढता येईल, तुम्ही सांगा. आपा वाकल्या आणि मातीत हात घालून त्या दोन मुळांचा गुंता चाचपडत राहिल्या.

"रहने दो," त्या म्हणाल्या. "इसका घर हो गया."

नेलेलं झाड पुढच्या उन्हाळ्यात अंगणातल्या मुरमात वाळून गेलं. आणि राहिलेलं पडेगावात आंब्याखाली फुलू लागलं.

मग एक बदल झाला. गठ्ठे उसवले होतेच. आपांनी आतलं सामान काढलं, तांब्याची पातेली, रजया, वडिलांचं घड्याळ. एक दिवस मी गेले तर भिंतीत खिळा होता आणि त्यावर कॅलेंडर. खुर्चीला सुताराकडून नवा पाय बसवला होता. आरजी हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा म्हणून ऐकला नाही. घर पक्कं झालं आणि अंगण उघडं पडलं. लोक म्हणायचे, चला, आपा मार्गी लागल्या. त्यांचं काय मार्गी लागलं होतं ते मला दिसत होतं.

सहा वर्षांनी माझी बदली वैजापूरला झाली. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेले आणि दारातच, चप्पल काढायच्या आधी, म्हणून टाकलं. "आपा, तो अलिफ माझा होता."

त्या म्हणाल्या, "हौ. मालूम है. बैठो."

आत जाऊन त्यांनी ट्रंकेतून एक घडी घातलेला कागद आणला. तोच अर्ज. पाठीमागं माझं सुवाच्य अक्षर. 'तात्पुरत्या' या शब्दाभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं. लाल रंग फिका पडून गुलाबी झाला होता, म्हणजे ते काल-परवाचं नव्हतं. समासात मी शिकवलेल्या मराठी आकड्यांत लिहिलं होतं, १० पैकी ९॥, म्हणजे साडेनऊ.

"कधी तपासलात?" मी विचारलं.

"जिस दिन आया उसी दिन. तुमने पढना सिखाया ना."

म्हणजे करवत चालली तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मी गाडीत पाणी मारत होते तेव्हा, किटली घेऊन विहिरीकडं गेले तेव्हा ठाऊक होतं. मैंने मारे म्हणाल्या तेव्हाही. मला रडू आवरेना. मी म्हटलं, अकरा झाडं गेली आपा, अर्धाच गुण का कापलात?

"दस गईं," त्यांनी दुरुस्त केलं. मग म्हणाल्या, "पूरा काटती तो तुम आना छोड देते."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीनं मी निघाले. वैजापूरची मोटार पडेगावावरूनच जाते. मे महिना होता आणि वार गुरुवार, पण हे माझ्या लक्षात आलं ते पडेगावच्या थांब्यावर मोटार उभी राहिली तेव्हा. रस्त्याच्या पलीकडं, शहराकडं जाणाऱ्या मोटारीची वाट बघत आपा उभ्या होत्या. डाव्या तळहातावर ओला रुमाल आणि त्यात आंब्याखालचं एक फूल. उजव्या हातातली छत्री त्यांनी फुलावर धरली होती आणि स्वतः भर उन्हात होत्या. मी खिडकीतून हाक मारली, हातही हलवला. इंजिन चालू होतं, त्यांना ऐकू गेलं नाही, आणि त्यांचं लक्ष फुलावरून हलत नव्हतं. माझी मोटार निघाली तेव्हा त्यांची अजून आली नव्हती.